क्लस्टर हेडेक आणि उपस्थाता : एका दुर्लक्षित पादाविषयी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी भिषक् आणि द्रव्य या दोन पादांविषयी आपल्या परिषदांतून, चर्चासत्रांतून आणि या त्रैमासिकाच्या पानांतूनही विपुल विवेचन होत असते. रोग्याविषयीही होते. उपस्थाता मात्र पदवी परीक्षेतील टिपेपुरता उरला आहे. विद्यार्थी त्याचे चार गुण पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो, आणि पुढे चिकित्सालय थाटल्यावर रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीस 'आपण जरा बाहेर बसा' असे सांगतो.

प्रस्तुत लेखात आम्ही एका विशिष्ट व्याधीच्या निमित्ताने या तिसऱ्या पादाचा विचार मांडत आहोत. तो व्याधी म्हणजे आधुनिक वैद्यक ज्यास क्लस्टर हेडेक म्हणते तो, आणि त्यातही त्याची चिरकारी अवस्था. या व्याधीत रुग्णाचा पती अथवा पत्नी हाच बहुधा एकमेव उपस्थाता असतो. त्याला शिकवून तयार करणे हे वैद्याच्या सौजन्याचा नव्हे, तर चिकित्साकर्माचाच भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे कर्म आपण करत नाही, म्हणूनच अशी दांपत्ये आपल्या दारातून निराश होऊन भोंदूंच्या दारी जातात, असेही आम्हास वाटते.

व्याधीचे स्वरूप

हा व्याधी विरळ आहे, पण दुर्मिळ नव्हे. साधारणतः हजार व्यक्तींमागे एकास तो आयुष्यात केव्हातरी होतो. वेदना एका बाजूस, डोळ्यात, डोळ्याच्या वर किंवा शंखप्रदेशी असते. उपचार न केल्यास एक वेग १५ मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो, आणि एक दिवसाआड एक ते दिवसातून आठ इतके वेग येऊ शकतात. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी वाहते, नाक चोंदते अथवा गळते, पापणी सुजते किंवा खाली येते, बाहुली आकुंचित होते, कपाळास घाम येतो. पुष्कळ रुग्णांत वेग ठरावीक वेळी, विशेषतः झोप लागल्यानंतर एक-दोन तासांनी येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पेट स्कॅनच्या अभ्यासात वेगाच्या काळी मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग कार्यरत झालेला आढळला. शरीराचे अहोरात्र चक्र सांभाळणारे केंद्र तेथेच असल्याने घड्याळ लावल्याप्रमाणे येणाऱ्या या वेगांचा थोडा उलगडा झाला.

१९३९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी या व्याधीचे सविस्तर वर्णन केले, म्हणून जुन्या ग्रंथांत तो हॉर्टन यांच्या नावानेही आढळतो. बहुतेकांत काही आठवडे वा महिने वेगांचा हंगाम चालतो आणि मग दीर्घ विश्रांती मिळते. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत मात्र अशी विश्रांती मिळत नाही. वर्षभर वा त्याहून अधिक काळ वेग येत राहिले आणि मधला निर्वेदन काळ तीन महिन्यांहून कमी असला, तर २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार त्यास चिरकारी म्हणतात. आमच्या लेखाचा विषय हे रुग्ण आणि त्यांच्या शेजारी जागणारे त्यांचे जोडीदार आहेत.

अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निश्चल पडून राहतो. क्लस्टर हेडेकचा रुग्ण पडून राहू शकत नाही. तो येरझाऱ्या घालतो, पुढे-मागे झुलतो, डोके दाबून धरतो, प्रसंगी भिंतीवर आपटतो. निदानाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे, आणि तो वैद्याला दिसत नाही. वैद्याकडे रुग्ण सकाळी दहा वाजता येतो, तेव्हा तो स्वस्थ असतो. रात्री दीड वाजता काय घडते, ते फक्त जोडीदार पाहतो.

नावाविषयीचा आग्रह

येथे आमच्या अनेक बंधूंचा पहिला प्रश्न असतो : हा आपल्या शास्त्रातील कोणता व्याधी? कुणी अर्धावभेदक म्हणतात, कुणी अनंतवात, कुणी शंखक. सुश्रुताने उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील अर्धावभेदक दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात येतो हे वर्णन आवर्तनाच्या दृष्टीने जवळचे वाटते. वाग्भटानेही तो पंधरा दिवसांनी वा महिन्याने प्रकुपित होतो आणि आपोआप शमतो असे म्हटले आहे. परंतु रोज रात्री एकाच वेळी येणे, त्याच बाजूच्या डोळ्या-नाकाचा स्राव आणि रुग्णाची अनावर अस्वस्थता हा सर्व समुच्चय एका नावाखाली तंतोतंत बसत नाही. शंखक तर तीन रात्रींत प्राणघातक ठरणारा म्हणून वर्णिला आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या व्याधीस ते नाव देणे सयुक्तिक नाही. दोषांविषयीही मतैक्य नाही. अर्धावभेदकात चरकाने वात किंवा वातकफ मानला, सुश्रुताने तिन्ही दोष मानले.

ही चर्चा विद्वानांनी अवश्य चालू ठेवावी. पण प्रत्येक विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, दोष, अधिष्ठान व हेतू जाणून उपचार करावा, असे चरकानेच त्रिशोथीय अध्यायात सुचविले आहे. नावाचा वाद संपेपर्यंत रुग्णाच्या पत्नीने दररोज रात्री दीड वाजता काय करावे, या प्रश्नाचे उत्तर थांबू शकत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका दांपत्याची हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. गृहस्थ चाळिशीतले. चार वर्षांत दोन दाढा काढून झाल्या होत्या, नाकाची शस्त्रक्रिया झाली होती, दुष्ट प्रतिश्याय समजून नस्याचे अनेक क्रम झाले होते. डोळे लाल आणि पापणी उतरलेली पाहून शेजाऱ्यांनी मद्यपानाचा तर्क केला, घरच्या वडीलधाऱ्यांनी बाधेचा. पत्नी शांतपणे म्हणाल्या, "ह्यांची दाढ काढली त्या रात्रीसुद्धा बरोबर दीडलाच उठले. मी वहीत लिहून ठेवलंय. पण वही बघतो कोण?" त्या वहीत सहा आठवड्यांच्या वेळा होत्या. निदानास आवश्यक असलेले जवळजवळ सर्व काही तीत होते, आणि तोपर्यंत कुणी ती उघडून पाहिली नव्हती.

रुग्णाच्या चार गुणांत चरकाने ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा गुण गणला आहे. वेगाच्या काळी या रुग्णाची स्मृतीही ठिकाणावर नसते आणि वाणीही नसते. हा गुण त्याच्या वतीने उपस्थात्यालाच पाळावा लागतो. म्हणून जोडीदाराला बाहेर बसविणे म्हणजे निदानाचे अर्धे साधन बाहेर ठेवणे होय.

चरकाने उपस्थात्याचे जे चार गुण सांगितले आहेत, त्याच क्रमाने आता पाहू.

उपचारज्ञता

उपचारज्ञता म्हणजे काय करावे आणि काय करू नये याचे ज्ञान. ते जन्मतः येत नाही. वैद्याने ते द्यावयाचे असते.

पहिली गोष्ट, नव्याने आलेल्या अशा प्रत्येक रुग्णास मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. पीयूषिका ग्रंथीच्या अर्बुदासारखे विकारही असेच वेग उत्पन्न करू शकतात, म्हणून मेंदूचा एमआरआय आवश्यक ठरतो. लाल डोळा आणि तीव्र वेदना हे लक्षण नेत्रातील दाब एकाएकी वाढल्यानेही होते, आणि तेथे विलंब झाल्यास दृष्टी जाते. जन्मात कधी झाली नाही अशी वेदना क्षणार्धात पराकाष्ठेला पोचली, किंवा ज्वर, मान ताठरणे, शुद्ध हरपणे, अंग लुळे पडणे यांपैकी काही दिसले, तर घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे, हे जोडीदारास लिहून द्यावे.

दुसरी गोष्ट, वेग आला असता पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. गोळीचे पचन-शोषण होईपर्यंत वेग उतरणीस लागलेला असतो. मग ती गोळीच लागू पडली असा समज होतो आणि गोळ्यांची संख्या वाढत जाते. वेगशमनासाठी ज्यांचे प्रामाण्य दृढ आहे असे दोन उपाय आहेत. एक, शुद्ध प्राणवायू. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित परीक्षणात मिनिटास १२ लिटर या वेगाने प्राणवायू दिला असता ७८ टक्के वेगांत १५ मिनिटांत वेदना शमली किंवा पुरेसा आराम पडला. साध्या हवेने हे प्रमाण २० टक्के होते. दुसरा, सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे त्वचेखालील इंजेक्शन. १९९१ च्या परीक्षणात त्याने १५ मिनिटांत ७४ टक्के वेगांत आराम पडला, औषधरहित इंजेक्शनने २६ टक्के. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांस हे इंजेक्शन वर्ज्य आहे. दोन्ही उपाय तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच करावयाचे आहेत.

यावर काही बंधू म्हणतात की, असा सल्ला देणे हा आपल्या शास्त्राचा पराभव होय. आम्ही हे मान्य करत नाही. जे आरोग्य देते तेच योग्य औषध आणि जो रोगातून सोडवतो तोच श्रेष्ठ वैद्य, ही चरकाची कसोटी आहे. पथ्यादि क्वाथ, गोदंती भस्म, अणुतैल वा षड्बिंदु तैलाचे नस्य, शिरोधारा, शिरोबस्ती हे शिरोरोगांतील आपले परंपरागत उपाय आहेत आणि त्यांचा विचार वैद्याने प्रकृती-काल-बल पाहून जरूर करावा. परंतु या विशिष्ट व्याधीत त्यांची मोठी, नियंत्रित परीक्षणे झालेली नाहीत, आणि रात्री दीड वाजता उठलेल्या वेगात १५ मिनिटांत उतार देण्याचे सामर्थ्य यांपैकी कशातही सिद्ध झालेले नाही. हे रुग्णाला आणि त्याच्या जोडीदाराला प्रामाणिकपणे सांगण्यात पराभव कसला?

तिसरी गोष्ट चालू औषधांची. वेग येऊच नयेत म्हणून तज्ज्ञ व्हेरापामिल, लिथियम किंवा काही काळ प्रेडनिसोलोन देतात. रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा यांपैकी काही ना काही चालू असते. अशा वेळी आमची कळकळीची सूचना अशी की 'आधी ती सगळी औषधे बंद करा, मग आपण शोधन करू' हे वाक्य कुणीही उच्चारू नये. प्रेडनिसोलोन एकाएकी थांबविणे घातक ठरू शकते. लिथियम घेणाऱ्या रुग्णास वमन वा विरेचन दिले, किंवा मीठ तोडावयास सांगितले, तर शरीरातील जल व लवण घटून रक्तातील लिथियमची पातळी विषारी मर्यादेपर्यंत चढू शकते. मूत्रल द्रव्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. व्हेरापामिलची मात्रा या व्याधीत मोठी असते आणि ती वाढवताना ईसीजी काढून हृदयाची गती तपासावी लागते. पिप्पली आणि मरिच यांतील पिपरीन अनेक औषधांचे पचन मंद करून त्यांची रक्तातील पातळी वाढविते, आणि त्यांत व्हेरापामिलही येते. त्रिकटू आपण सहज लिहून देतो, म्हणून हे ध्यानात असावे. यष्टीमधूच्या दीर्घ व अधिक मात्रेने पोटॅशियम घटते, प्रेडनिसोलोननेही घटते. दोन्ही एकत्र देताना विचार करावा. व्हेरापामिलने अनेकांस मलावष्टंभ होतो. तेथे आपल्या शास्त्राचे साहाय्य खरोखर मोलाचे आहे, मात्र तीव्र रेचक न देता मृदू अनुलोमन योजावे.

दाक्ष्य

दाक्ष्य म्हणजे वेळेवर, न गोंधळता काम करण्याचे कौशल्य. प्राणवायूचे सिलिंडर घरात आणल्याने ते आपोआप येत नाही. २०२१ च्या साथीनंतर अनेक घरांत प्राणवायू संहत करणारे यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, पडून आहे. पण घरगुती यंत्र बहुधा मिनिटास पाच लिटर देते, या व्याधीस १२ ते १५ लिटर लागतात. म्हणून सिलिंडरच हवे, त्यास तेवढा प्रवाह दाखविणारे रेग्युलेटर हवे, आणि श्वास सोडलेली हवा परत आत न घेणारा पिशवीचा मुखवटा हवा. रुग्णाने बसून, किंचित पुढे झुकून, वेग सुरू होताच तो लावावा. उशीर झाला की उपयोग घटतो.

हिशेबही जोडीदारास ठाऊक हवा. घरी सहसा मिळणाऱ्या बी प्रकारच्या सिलिंडरात सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू मावतो. मिनिटास १२ लिटर या दराने एका वेगास १५ मिनिटे धरली, तर १८० लिटर लागतात. म्हणजे एक सिलिंडर आठ वेगांना पुरते. रोज दोन वेग येत असतील तर चौथ्या दिवशी ते रिकामे होणार. पाचव्या रात्री धावाधाव करण्यापेक्षा दुसरे सिलिंडर भरून ठेवणे हेच दाक्ष्य.

एक इशारा आपल्याच मंडळींनी देण्याजोगा आहे, कारण इतर कुणाच्या तो ध्यानात येणार नाही. दाबाखालील प्राणवायू आणि तेल-तूप यांचा संयोग आगीस कारण होतो. अभ्यंग, नस्य, शिरोधारा झालेल्या रुग्णाच्या चेहऱ्यास तेल असते, परिचर्या करणाऱ्याच्या हातास असते. त्या हातांनी सिलिंडरचे तोंड वा रेग्युलेटर कदापि हाताळू नये. चेहरा आणि हात साबणाने स्वच्छ करूनच मुखवटा लावावा. देवघरातील निरांजन, उदबत्ती, धूपन आणि धूम्रपान या खोलीत नको.

वेगाच्या काळी काय करू नये हेही दाक्ष्याचेच अंग आहे. रुग्णास बळे झोपवू नये, धरून ठेवू नये, डोके चेपण्याचा आग्रह करू नये, प्रश्न विचारू नयेत. त्याला येरझाऱ्या घालू द्याव्यात, वाटेतील टोकदार वस्तू हलवाव्यात आणि घड्याळ पाहावे. रुग्णाची पूर्वसंमती असेल तर एखाद्या वेगाचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. तज्ज्ञास ते दहा अहवालांहून अधिक सांगून जाते. दिनांक, आरंभ, शेवट, बाजू, घेतलेला उपाय आणि त्यास लागलेला वेळ एवढ्या सहा रकान्यांची वही प्रत्येक वैद्याने अशा घरास द्यावी, आणि दर भेटीत ती स्वतः उघडून वाचावी.

अनुराग

हा गुण आहे असे आपण गृहीत धरतो आणि त्यामुळेच त्याकडे पाहत नाही. सुश्रुताने परिचारक स्निग्ध, किळस न बाळगणारा, बलवान आणि न थकणारा असावा असे म्हटले आहे. स्नेह आणि किळस नसणे हे पती-पत्नींत मिळेल. न थकणे मात्र कोणत्याही मनुष्यास शक्य नाही. रोज रात्री दोनदा उठणारी पत्नी दिवसा घर सांभाळते, नोकरी करते, सासऱ्यांची औषधे पाहते. निद्रा हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक. तो एका घरात दोघांचा एकाच वेळी ढळतो. तपासणीच्या वेळी नाडी रुग्णाची पाहावी, आणि 'आपण किती तास झोपलात?' हा प्रश्न जोडीदारास विचारावा. आठवड्यातून किमान दोन रात्री भाऊ, दीर, मोठा मुलगा, कुणीतरी पाळी घ्यावी, हे वैद्याने कुटुंबास अधिकारवाणीने सांगितले तर ते ऐकले जाते. पत्नीने स्वतः मागितले तर पुष्कळदा ऐकले जात नाही.

रुग्ण स्त्री असेल तर अडचण वेगळी. हा पुरुषांचा व्याधी अशी जुनी समजूत आहे. पुरुषांत तो अधिक आढळतो हे खरे, पण स्त्रियांतही तो होतोच आणि तेथे अर्धशिशी वा मानसिक ताण म्हणून वर्षे निघून जातात. अशा वेळी पतीने 'होईल बरे, जरा पडून राहा' असे म्हणणे सोडून वही हाती घ्यावी, म्हणून त्याला खोलीत बोलावून समोर बसवावे.

अनुरागाची सर्वांत कठीण कसोटी पुढे आहे. या व्याधीच्या वेदना इतक्या असह्य असतात की रुग्णाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. पाश्चात्य देशांत त्यास तशा अर्थाचे नावच पडले आहे. जोडीदारास हे ठाऊक असते, पण उच्चारण्याचे धैर्य होत नाही. उच्चारल्याने विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे. वैद्यानेच शांतपणे, स्पष्ट शब्दांत रुग्णास विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची भेट घडवावी, रुग्णास एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशके व साठवलेल्या गोळ्या दूर कराव्यात. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. जोडीदारासही तो उपयोगी पडेल.

शौच

शौच म्हणजे केवळ हातापायांची स्वच्छता नव्हे, व्यवहाराची आणि मनाचीही. येथे उपस्थात्यापेक्षा आमचा रोख आपल्या व्यवसायाकडे, आणि विशेषेकरून या त्रैमासिकाचे वाचक असलेल्या औषधनिर्मात्यांकडे व विक्रेत्यांकडे आहे.

हताश जोडीदार हा सर्वांत सोपा ग्राहक असतो. तो किंमत विचारत नाही, घटक विचारत नाही. 'सर्व प्रकारची डोकेदुखी मुळापासून' अशी जाहिरात करणारा त्याला देवासारखा वाटतो. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा १९५४ सालापासून भ्रामक दाव्यांना मनाई करतो. तो ठाऊक नसलेला निर्माता आपल्यात नसेल.

या व्याधीत फसवणुकीस, आणि स्वतःच्या फसवणुकीसही, दोन वाटा विशेष खुल्या आहेत. पहिली अशी की हंगाम आपोआप संपतो. वाग्भटाने अर्धावभेदकाविषयी लिहिलेले स्वयमेव शमन येथेही घडते. चिरकारी रुग्णांतही कधी कधी व्याधी आपणहून सौम्य रूप घेतो. त्या सुमारास जे औषध चालू असेल त्याला यश मिळते. म्हणून चार रुग्णांच्या अनुभवपत्रांवरून दावा करणे शास्त्रीय नव्हे. दाव्याचा मोह असलेल्याने वेगांची दैनिक संख्या औषधापूर्वी आणि नंतर, पुरेसा काळ, लिहून दाखवावी.

दुसरी वाट अधिक भयंकर आहे. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने या व्याधीचे वेग काही दिवसांतच ओसरतात. त्यामुळे नाव-पत्ता नसलेल्या पुडीने चार दिवसांत चमत्कार झाला असे रुग्णाने सांगितले, तर तीत स्टिरॉइड मिसळले असण्याची शंका वैद्याच्या मनात प्रथम यावी. ती पुडी बंद झाली की वेग दुपटीने येतात, असे कळल्यास शंका अधिकच बळावते. अशा पुड्यांनी होणारी हानी रुग्ण भोगतो आणि अपकीर्ती आयुर्वेदाच्या पदरी पडते. नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा, हे सांगण्यास आपण का कचरावे?

विक्रेत्यांसाठी आणखी दोन गोष्टी. मद्य हा या व्याधीतील सुप्रसिद्ध हेतू आहे. हंगाम चालू असता अल्प मद्यानेही अनेकांत वेग उठतो. आपली आसव-अरिष्टे स्वयंजात मद्ययुक्त असतात. मात्रा अल्प असली तरी वेगांचा हंगाम चालू असलेल्या रुग्णास अश्वगंधारिष्ट वा सारस्वतारिष्टाऐवजी त्याच द्रव्याचे चूर्ण, क्वाथ वा घृत सुचविणे शहाणपणाचे. दुसरे असे की, जो ग्राहक दर आठवड्यास वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे नेतो, त्याला वा त्याच्या पत्नीला 'कुणासाठी नेता, दुखते केव्हा?' एवढे आपुलकीने विचारावे. 'रोज रात्री, एकाच बाजूस, डोळ्यातून पाणी' हे शब्द ऐकू आले तर त्यांना तज्ज्ञाचा पत्ता द्यावा. त्या दिवशी दहा पाकिटे कमी खपली तरी हरकत नाही.

काय करता येईल

आम्ही संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या परिसरातील मज्जाविकारतज्ज्ञ, भाड्याने प्राणवायू सिलिंडर देणारे पुरवठादार आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची सूची करून सभासदांस द्यावी. दुसरी, वर सांगितलेल्या सहा रकान्यांची नोंदवही संघटनेने छापावी. तीत आमच्या सूचनेनुसार एक सातवा रकानाही असावा : जोडीदाराची झोप, तासांत. तिसरी, आयुर्वेदीय उपचार घेणाऱ्या अशा रुग्णांच्या नोंदवह्या, नावे वगळून आणि संमती घेऊन, वर्षातून एकदा एकत्र कराव्यात. ज्यांस गुण आला त्यांच्या आणि ज्यांस आला नाही त्यांच्याही. पथ्यादि क्वाथाने वा नस्याने वेगांची संख्या खरोखर घटते काय, या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची सुरुवात अशाच वह्यांतून होईल, सभागृहातील टाळ्यांतून नव्हे.

तोवर प्रत्येक वैद्यास करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तीस कोणताही खर्च नाही. चिकित्सालयात रुग्णाच्या आसनाशेजारी दुसरी खुर्ची ठेवावी, आणि सोबत आलेल्या जोडीदारास तीवर बसवून, त्याची वही हाती घेऊन, तपासणीस आरंभ करावा.